लिबिया : म्युझियम उघडलं, कोंडवाडे कधी उघडणार?

लिबियाची राजधानी त्रिपोलीमध्ये डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयाचे दरवाजे पुन्हा उघडले. हे संग्रहालय ज्या जुन्या गढीत आहे तिचं नाव अस्-सराया अल्-हमरा. आपल्या भाषेत लाल किल्लाच म्हणा ना! २०११ साली मुअम्मर गद्दाफीविरुद्ध उठाव झाला तेव्हा ते बंद झाले, ते तब्बल चौदा वर्षे. उठावाच्या त्या दिवसांत मौल्यवान वस्तू लपवून ठेवल्या गेल्या म्हणून वाचल्या. आता पंतप्रधान अब्दुल हमीद दबैबा यांच्या उपस्थितीत मोठा सोहळा झाला. परदेशातून परत मिळवलेल्या वस्तूंचं कौतुक झालं.

आनंदाचीच गोष्ट आहे. मुस्लिम मुलखांतून हल्ली ज्या बातम्या येतात, त्यात अशी बातमी वर्षातून एखादीच. पण ती वाचताना आम्हाला त्याच शहराच्या पूर्वेला, थोड्याच अंतरावर असलेले ताजुरा हे गाव आठवत राहिले.

ताजुऱ्यात मुराद आगा यांची मशीद आहे. सोळाव्या शतकातली. १५५१ मध्ये उस्मानी फौजेने त्रिपोली ख्रिस्ती सरदारांच्या ताब्यातून घेतली, तेव्हा मुराद आगा तिथले हाकीम झाले. या मशिदीचे छत अठ्ठेचाळीस खांबांवर उभे आहे आणि हे खांब लेप्टिस मॅग्ना या उद्ध्वस्त रोमन शहरातून आणलेले आहेत असे सांगतात. म्हणजे बघा, रोमन कारागिराने घडवलेला दगड, त्याच्यावर उस्मानी काळाचे छत आणि खाली साडेचारशे वर्षे चाललेली नमाज. वारसा म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगायचे तर यापेक्षा सोपे उदाहरण मिळणार नाही.

नोव्हेंबर २०१३ मध्ये याच मुराद आगांच्या मजारीला स्फोटके लावण्यात आली. लावणारे बाहेरचे कोणी नव्हते. आणि २ जुलै २०१९ च्या रात्री याच ताजुऱ्यात एका शेडवर विमानातून बॉम्ब पडला. शेडमध्ये शेकडो निर्वासित आणि स्थलांतरित कोंडलेले होते. ५३ माणसे मेली. मरणारे आफ्रिकेतल्या निरनिराळ्या देशांतून आलेले, बहुतेकांचा गुन्हा एवढाच की कागद नसताना ते या देशात सापडले. ही शेड एका सशस्त्र गटाच्या तळाच्या आवारात होती. आधी जवळच्या गॅरेजवर बॉम्ब पडला आणि अकरा मिनिटांनी शेडवर. मधल्या वेळात बाहेर पळणाऱ्यांवर पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्याचे वाचलेल्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या तपासनिसांना सांगितले. विमान परदेशी होते असे तपासाचा अहवाल म्हणतो. या शेडचा ठावठिकाणा, ती नागरी जागा आहे ही माहिती, लढणाऱ्या पक्षांना आधीच दिलेली होती. तरी हे झाले.

एकाच गावात रोमन खांब, उडवलेली मजार आणि बॉम्बखाली मेलेले मुसाफिर. या तीन गोष्टींच्या बातम्या तीन वेगवेगळ्या पानांवर छापून येतात. वारशाची बातमी संस्कृतीच्या पानावर, लढाईची परदेशाच्या पानावर आणि स्थलांतरितांची कुठेतरी खाली कोपऱ्यात. आमचे म्हणणे असे की ही एकच बातमी आहे.

आपल्या घरांत लिबिया म्हटले की दोन नावे निघतात. एक उमर मुख्तार, दुसरे गद्दाफी. उमर मुख्तार यांच्यावरचा सिनेमा आपल्या वडीलधाऱ्यांनी डोळे पुसत पाहिलेला आहे. ते कुराण शिकवणारे उस्ताद होते आणि सनूसी या सूफी सिलसिल्यातले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. इटालियनांनी त्यांना १६ सप्टेंबर १९३१ रोजी सुलूक इथल्या छावणीत कैद्यांसमोर फाशी दिली. ही छावणी कसली? जनरल ग्रात्सियानीने पूर्व लिबियातल्या सुमारे एक लाख लोकांना, बायकामुलांसकट आणि गुराढोरांसकट, वाळवंटातून हाकत नेऊन तारांच्या कुंपणात ठेवले होते. उपासमारीने आणि रोगराईने त्यातले हजारो मेले.

त्याच वर्षांत इटालियन पुरातत्त्ववाले लिबियातली रोमन शहरे उकरून काढत होते. साब्राथाचे तीन मजली रंगमंच असलेले नाट्यगृह त्यांनीच पुन्हा उभे केले आणि १९३७ मध्ये मुसोलिनी स्वतः तिथे नाटक बघायला आला. दगडावर प्रेम आणि माणसाला कुंपण. आमचा रोमन पूर्वज इथे आधी होता, म्हणून ही जमीन आमचीच, असा त्यामागचा हिशेब. लिबियाच्या कित्येक लोकांना रोमन अवशेषांबद्दल पुढे बरीच वर्षे आपलेपणा वाटला नाही, त्याचे एक कारण हे आहे.

आता २००८ कडे या. ३० ऑगस्ट २००८ रोजी बेनगाझीत गद्दाफी आणि इटलीचे पंतप्रधान बर्लुस्कोनी यांनी मैत्रीचा करार केला. इटलीने वसाहतकाळाबद्दल माफी मागितली, वीस वर्षांत पाच अब्ज डॉलर द्यायचे कबूल केले आणि सायरीनची व्हीनस ही संगमरवरी मूर्ती परत आणून दिली. ही मूर्ती इटालियन सैनिकांना १९१३ मध्ये सापडली होती आणि ती त्यांनी रोमला नेली होती. पण त्याच करारात आणखी एक कलम होते. लिबियाच्या किनाऱ्यावरून युरोपकडे निघणाऱ्या नावा रोखायच्या. दुसऱ्याच वर्षी, २००९ मध्ये, इटलीच्या जहाजांनी समुद्रात पकडलेल्या सोमाली आणि एरिट्रियन लोकांना परत लिबियात आणून सोडले. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१२ मध्ये यावरून इटलीला दोषी ठरवले. गद्दाफी तरी काय, २०१० मध्ये रोममध्ये उभे राहून त्यांनी मागणी केली की युरोप काळा होऊ द्यायचा नसेल तर वर्षाला पाच अब्ज युरो द्या. हेच गद्दाफी आफ्रिकेच्या एकजुटीचे झेंडे मिरवत होते!

एका करारात मूर्ती घरी आली आणि त्याच कराराने माणसे परत पाठवली. पुढे जे घडले त्याची वीण इथेच पडली होती.

२० ऑक्टोबर २०११ ला सिर्तमध्ये गद्दाफी मारला गेला. जुलै २०१२ मध्ये निवडणूक झाली, लोक रांगा लावून मतदानाला आले. पण क्रांतीत ज्यांनी बंदुका हाती घेतल्या त्यांनी त्या खाली ठेवल्या नाहीत. उलट सरकारनेच त्यांना पगार सुरू केला. बंदूक हा रोजगार झाला. मग बंदुका वाढल्या. २०१४ पासून देशात दोन हुकुमती, एक पश्चिमेला त्रिपोलीत आणि दुसरी पूर्वेला, जिथे खलिफा हफ्तर यांच्या फौजेचा जोर आहे. एप्रिल २०१९ मध्ये हफ्तर त्रिपोलीवर चालून आले, चौदा महिने लढाई झाली, ऑक्टोबर २०२० मध्ये युद्धबंदी झाली. डिसेंबर २०२१ ची ठरलेली निवडणूक अजून व्हायची आहे. मे २०२५ मध्ये एका बड्या टोळीप्रमुखाच्या हत्येनंतर त्रिपोलीच्या रस्त्यांवर पुन्हा तोफा धडधडल्या.

या सगळ्यात टोळ्यांना पैसा लागतो. तेलाचा पैसा मध्यवर्ती बँकेत जातो, त्यातला वाटा सगळ्यांना मिळत नाही. मग जे हाती लागेल ते विकायचे. मे २०११ मध्येच बेनगाझीच्या एका बँकेच्या तळघराचे काँक्रीटचे छत फोडून चोरांनी हजारो प्राचीन नाणी आणि दागिने नेले. हा ठेवा दुसऱ्या महायुद्धात इटालियन घेऊन गेले होते आणि १९६१ मध्ये परत मिळाला होता. परक्यांकडून परत मिळवलेले घरच्यांनी नेले. सायरीनच्या कबरस्तानातली एक संगमरवरी मूर्ती २०१३ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पकडली गेली. ती तुर्कस्तानची आहे असे आणणाऱ्याचे म्हणणे होते. कोर्टकचेरी होऊन २०२१ मध्ये ती लिबियाला परत देण्यात आली. सापडली म्हणून कळले. न सापडलेल्यांचा हिशेब कोण ठेवणार?

आणि माणूस तर मूर्तीपेक्षा सोपा माल. मूर्ती फुटते, लपवावी लागते, गिऱ्हाईक शोधावे लागते. माणूस स्वतःच्या पायाने चालत येतो आणि त्याच्या घरच्यांना फोन लावून दिला की पैसे येतात. साहेल आणि सुदानकडून निघालेला तरुण सहारा ओलांडून सबहा, कुफ्रा असे करत किनाऱ्याकडे येतो. हे रस्ते जुन्या काफिल्यांचे आहेत. या रस्त्यांवरून मीठ आणि सोने जायचे, हाजी जायचे आणि हेही लपवू नये, गुलामसुद्धा जायचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये माणसांचा लिलाव होतानाचा व्हिडिओ जगाने पाहिला, तेव्हा इतिहासाची माहिती असलेल्यांना तो पूर्ण नवा वाटला नसेल.

साब्राथाची गोष्ट तर याहून उघड आहे. ते नाट्यगृह जिथे आहे ते शहर २०१४ नंतर नावा सोडण्याचा सर्वात मोठा धक्का बनले. २०१६ मध्ये समुद्रमार्गे इटलीत पोहोचलेल्यांचा आकडा एक लाख ऐंशी हजारांच्या वर गेला, त्यातले बहुतेक लिबियाच्या याच पश्चिम किनाऱ्यावरून निघालेले. २ फेब्रुवारी २०१७ ला इटलीने त्रिपोलीच्या सरकारशी नवा करार केला, तटरक्षकांना बोटी आणि प्रशिक्षण दिले. त्या उन्हाळ्यात साब्राथाहून निघणाऱ्या नावा एकाएकी थंडावल्या. कालपर्यंत नावा सोडणारी टोळी आता नावा रोखू लागली, आणि त्यासाठी तिला पैसे मिळाले असे वार्ताहरांनी लिहिले. इटलीने ते नाकारले. बाकीच्या टोळ्या चिडल्या आणि सप्टेंबरमध्ये लढाई पेटली. तीन आठवडे. दुसऱ्या शतकातल्या नाट्यगृहाच्या खांबांवर गोळ्यांचे आणि तोफगोळ्यांचे घाव पडले. लढाई थांबल्यावर शहरातल्या गोदामांतून, शेतघरांतून आणि हँगरमधून चौदा हजारांहून अधिक कोंडलेली माणसे बाहेर निघाली.

युनेस्कोने आदल्याच वर्षी, २०१६ मध्ये, लिबियातली पाचही जागतिक वारसास्थळे धोक्यातल्या यादीत टाकली होती. साब्राथा, लेप्टिस मॅग्ना, सायरीन, अकाकूसच्या डोंगरातली हजारो वर्षांपूर्वीची शैलचित्रे आणि गदामेस हे जुने शहर. माणसांसाठी अशी यादी नसते. १९५१ च्या निर्वासित करारावर लिबियाची सही नाही आणि तिथल्या कायद्याने बेकायदा प्रवेश हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. म्हणूनच आम्ही कोंडवाडा हा शब्द मुद्दाम वापरला. मोकाट गुरे जिथे डांबतात तो. सोडवायचे तर पैसे भरा.

इथे आपल्याला थोडे स्वतःशी बोलावे लागेल. या कोंडवाड्यांत एरिट्रिया आणि इथिओपियाचे लोक मोठ्या संख्येने राहिले आहेत. हा तोच हबशाचा मुलूख. मक्केत जीव नकोसा झाला तेव्हा प्रेषितांनी (स.) आपल्या साथीदारांना जिथे पाठवले, जिथल्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने, त्यांना परत सोपवायला नकार दिला, तो मुलूख. पहिल्या हिजरतीचा हा किस्सा आपण मुलांना मकतबमध्ये शिकवतो. आज तिकडची पोरे मुसलमानांच्या देशात आसरा मागायला येतात आणि खंडणीसाठी मार खातात. नाटोच्या बॉम्बबद्दल, इटलीच्या कावेबाजपणाबद्दल आपल्याकडे भरपूर लिहून येते आणि ते यायलाच हवे. युरोप तर आजही हात झटकतो. लिबियाच्या मितिगा तुरुंगाशी संबंधित एका अधिकाऱ्याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या वॉरंटवर जानेवारी २०२५ मध्ये इटलीत अटक झाली, आणि काही दिवसांत इटलीच्याच सरकारी विमानाने त्याला घरी पोहोचवले! पण लोखंडी दारावर कुलूप घालणारा हात लिबियन होता, हे लिहिताना आपली लेखणी का अडखळते?

मजारींचेही तसेच. २४ ऑगस्ट २०१२ च्या सुमारास झ्लितेन शहरात अब्दुस्सलाम अल्-अस्मर या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या सूफी बुजुर्गांच्या मजारीवर हल्ला झाला, ग्रंथालयातली पुस्तके आणि हस्तलिखिते जाळली गेली. लगेच त्रिपोलीत, भर शहरात, दिवसाढवळ्या अश-शआब मशिदीवर बुलडोझर चालवला. आत कबरी होत्या म्हणून. पोलिसांनी काय केले? रस्ता बंद करून दिला, म्हणजे बुलडोझरला अडथळा नको. संसदेत ओरड झाल्यावर गृहमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि दोन दिवसांत मागेही घेतला. एका कबरीसाठी माणसे मारायची लढाई आपण करणार नाही, अशा अर्थाचे ते बोलले.

पक्क्या कबरीबद्दल आपल्यातही मतभेद आहेत. एकाच घरात उरूसला जाणारा भाऊ आणि न जाणारा भाऊ असतो, आणि दोघे एका दस्तरख्वानावर जेवतात. तो वाद उलमांनी करावा. प्रश्न एवढाच की ज्याच्या हाती बुलडोझर, त्याचाच फतवा चालणार का? आणि पोलीस रस्ता कोणासाठी बंद करणार? ज्यांनी मजार पाडली त्यांना आपण दीनची खिदमत केली असे वाटले असेल. पण उमर मुख्तारांचा सिलसिलाही सूफीच होता, आणि इटालियनांविरुद्ध वीस वर्षे लढणाऱ्यांना अन्न, निरोप आणि माणसे याच झावियांतून मिळत होती.

वारशाचे सगळे नुकसान कट्टरांनी केले असेही नाही. सायरीनजवळ २०१३ मध्ये प्राचीन कबरस्तानाचा एक पट्टा बुलडोझरने साफ केला गेला, घरे आणि दुकाने बांधायला. जमीन आमची आहे असे स्थानिकांचे म्हणणे. यात ना दीन ना राजकारण, साधा प्लॉट! असे उद्योग कुठे होत नाहीत?

मग वाचले ते कसे? लेप्टिस मॅग्नाला आसपासच्या लोकांनी आळीपाळीने राखण केली म्हणून. आणि गदामेसचे उदाहरण तर अभ्यास करण्यासारखे आहे. ट्युनिशिया आणि अल्जीरियाच्या सीमेजवळचे हे मातीच्या विटांचे आणि खजुराच्या खोडांचे शहर. गल्ल्या वरून झाकलेल्या, भर दुपारी आत गारवा. खाली पुरुषांची ये-जा आणि गच्च्यांवरून बायकांची. गद्दाफीच्या काळात लोकांना शेजारीच नवी घरे बांधून दिली, तरी उन्हाळ्यात आणि रमजानमध्ये कुटुंबे जुन्या घरांत परतत राहिली. २०१७ च्या पावसाने भिंती खचल्या. गावकरी, गवंडी आणि नगरपालिका यांनी त्या जुन्याच पद्धतीने उभ्या केल्या, पाण्याच्या जुन्या वाटा मोकळ्या केल्या, नव्या पोरांना हे काम शिकवले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने गदामेसला धोक्याच्या यादीतून बाहेर काढले.

मात्र याच गदामेसमधून २०११ मध्ये तुआरेग कुटुंबांना हाकलले गेले. गद्दाफीच्या बाजूने लढल्याचा त्यांच्यावर आरोप होता. त्यांची घरे जाळली, ती माणसे दिर्ज या शेजारच्या गावाकडे निघून गेली. काळ्या वर्णाच्या तवर्घा गावाचे तर पूर्ण चाळीस हजार लोक मिस्रातावाल्यांनी एका फटक्यात बेघर केले, आणि परतीचा समझोता व्हायला २०१८ उजाडले. भिंती जपणारे हात आणि शेजाऱ्याला हाकलणारे हात एकाच शहरात असू शकतात. गदामेसचे कौतुक करताना आम्हाला हे गाळावेसे वाटले नाही.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये दरना शहरावर आलेला पूरही याच मालिकेतला. १० तारखेच्या रात्री वादळी पावसाने वरच्या अंगाची दोन धरणे फुटली. १९७० च्या दशकातली धरणे, तडे गेल्याचे १९९८ पासून माहीत, दुरुस्तीचे कंत्राट दिलेले आणि क्रांतीच्या गडबडीत अडकलेले. हजारो माणसे समुद्रात वाहून गेली. सहाबांच्या कबरींसाठी प्रसिद्ध असलेल्या मशिदीत चिखल भरला. मेलेल्यांत मजुरीला आलेले परदेशीही होते. इजिप्तच्या बनी सुवैफ जिल्ह्यातल्या एकाच गावात सत्तरच्या वर जनाजे उठले.

आपला यात संबंध काय, असे कोणी विचारेल. २०११ मध्ये भारताने लिबियातून पंधरा हजारांवर माणसे परत आणली, तेव्हा संबंध कळला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये पंजाब-हरयाणातले सतरा तरुण लिबियातल्या कैदेतून सुटून दिल्लीत उतरले. एजंटने त्यांना इटलीच्या नोकरीचे सांगून नेले होते. त्याच वर्षी १४ जूनला तोब्रुकहून निघालेली एड्रियाना ही मासेमारीची बोट ग्रीसजवळ बुडाली. सातशेच्या आसपास माणसे होती, वाचली १०४. बुडालेल्यांत शेकडो पाकिस्तानी होते. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या आपल्या घरांना एजंट, व्हिजा आणि आधी भरायची रक्कम हे शब्द नवे नाहीत. आखाताचा रस्ता पक्का कागदांचा आहे, तो वेगळा. पण 'दुबईतून पुढे युरोपला पाठवतो' असे सांगणारा कोणी भेटला, तर पुढे म्हणजे नेमके कुठून, हे त्याला नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

त्रिपोलीच्या लाल किल्ल्यात आता शाळेच्या सहली येऊ लागतील. मुलांना लेप्टिसचे पुतळे दाखवले जातील, इटालियनांचा जुलूम आणि उमर मुख्तार शिकवले जातील. देशात आठ लाखांवर स्थलांतरित आहेत, त्यातली कित्येक मुले शाळेबाहेर आहेत. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध पेटले आहे आणि कुफ्राच्या वाटेने तिकडची कुटुंबे अजून येतच आहेत.